डायलिसिस आज रात्री की उद्या सकाळी: मूत्रपिंडे अचानक थांबलेल्या रुग्णाबाबतचा निर्णय

एका पावसाळ्यात आमच्या अतिदक्षता विभागात शेजारशेजारच्या दोन खाटांवर दोन रुग्ण होते. पहिल्याला चार दिवस जुलाब झाले होते, अंगदुखीसाठी त्याने बाहेर डायक्लोफिनॅकची तीन इंजेक्शने घेतली होती आणि त्याचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) ७.६ होते. दुसरा भातलावणीच्या चिखलातून आलेला, डोळे पिवळे आणि लालसर, पोटऱ्या दाबल्या की कळवळणारा. त्याचे क्रिएटिनिन ४.१ होते. त्या रात्री आम्ही डायलिसिसवर घेतले ते दुसऱ्याला. पहिल्याच्या थोरल्या भावाने मला दारातच गाठून विचारले, "डॉक्टर, त्यांचं चार असून मशिन लावलंत आणि आमचं साडेसात असून थांबू म्हणता. असं का?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि तो केवळ नातेवाइकांनाच पडतो असे नाही, निवासी डॉक्टर आणि ग्रामीण रुग्णालयांतले वैद्यकीय अधिकारीही रात्री फोन करून तोच विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात: "सर, क्रिएटिनिन किती झालं की पाठवू?" एकेआय म्हणजे मूत्रपिंडांना अचानक झालेली इजा असताना डायलिसिस केव्हा सुरू करावे, हे मी ज्या पद्धतीने ठरवतो ती पद्धत येथे मांडत आहे. ती प्रामुख्याने तालुका आणि जिल्हा पातळीवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी आहे. नातेवाइकांनी वाचल्यास डॉक्टर काय पाहत आहेत हे त्यांना समजेल, मात्र निर्णय खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

आकडे वाचताना

४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅमने वाढले, किंवा सात दिवसांत ते मूळच्या दीडपट झाले, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर त्याला एकेआय म्हणावे, अशी केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१२ सालची व्याख्या आहे. साठ किलोच्या माणसाला हा हिशेब सहा तासांत १८० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक पेला, इतका येतो. व्याख्या निदानासाठी आहे. डायलिसिस कधी करावे हे ती सांगत नाही, आणि त्याच मार्गदर्शनात असेही स्पष्ट म्हटले आहे की पाणी, क्षार आणि आम्ल यांचा तोल जीव धोक्यात येईल इतका बिघडला असेल तर डायलिसिस तातडीने सुरू करावे, अन्यथा एखाद्या सुट्या आकड्यावर न विसंबता रुग्णाची एकंदर स्थिती आणि तपासण्यांचा कल पाहावा.

क्रिएटिनिन हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. दोन्ही मूत्रपिंडे पूर्ण बंद पडली तरी ते दिवसाला साधारण एक ते दीड मिलिग्रॅमनेच चढते, म्हणून पहिल्या दिवशीचे २.२ हे "थोडेसे वाढलेले" नसून पूर्ण बंद पडलेल्या मूत्रपिंडांचे पहिल्या दिवसाचे चित्र असू शकते. हाडे-कातडे उरलेल्या वृद्ध बाईचे क्रिएटिनिन स्नायूच कमी असल्यामुळे तीनवर रेंगाळते, आणि तेवढ्यात तिची मूत्रपिंडे पूर्ण थांबलेली असतात. उलट, बऱ्या होऊ लागलेल्या रुग्णाची लघवी वाढते, तरी क्रिएटिनिन आणखी एखादा दिवस चढतच राहते. आपण नेमके त्या दिवशी घाबरून डायलिसिसची नळी, म्हणजे कॅथेटर, घालतो. त्यामुळे मी क्रिएटिनिनपेक्षा ताशी लघवी आधी पाहतो, आणि क्रिएटिनिन पाहताना काल-परवाच्या तुलनेत रोजची वाढ कमी होते आहे का, हे पाहतो.

युरिया या दुसऱ्या टाकाऊ पदार्थाच्या बाबतीत एक गफलत मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती सविस्तर सांगणे भाग आहे. परदेशी शोधनिबंधांत आणि पुस्तकांत आकडा असतो तो बहुधा बीयूएन, म्हणजे युरियातल्या केवळ नायट्रोजनचा. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा ब्लड युरिया छापतात. बीयूएनला २.१४ ने गुणले की ब्लड युरिया मिळतो. म्हणजे बीयूएन ११२ हा ब्लड युरिया २४० होय. पुस्तकातली "शंभरच्या वर" ही ओळ वाचून ब्लड युरिया ११० असलेल्या रुग्णाला मशिनवर घेणे म्हणजे त्याला ठरलेल्या मर्यादेच्या निम्म्यावरच डायलिसिस करणे आहे. रिपोर्ट हातात घेतल्यावर वरचा मथळा वाचावा, मग आकडा. या लेखात पुढे सर्वत्र ब्लड युरियाच दिला आहे.

एवढे झाले की मशिनचा विचार करण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. मूत्राशयात नळी आहे का आणि ती तुंबलेली नाही ना? सोनोग्राफी झाली का, म्हणजे दोन्ही बाजूंचे किंवा एकुलत्या मूत्रपिंडाच्या वाटेतले खडे, वाढलेले प्रोस्टेट किंवा गर्भाशयमुखाची गाठ सुटलेली नाही ना? अशा रुग्णाला लागतो तो मूत्रमार्ग मोकळा करणारा हात, आणि तो वेळेवर मिळाला तर डायलिसिस अनेकदा टळते. तिसरे, औषधांचा कागद: वेदनाशामके, अमिकासिन, जेंटामायसिन ही प्रतिजैविके, रक्तदाब उतरलेला असतानाही चालू राहिलेली टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी, हे सारे त्याच क्षणी थांबवावे.

ज्या वेळी थांबायचे नाही

पोटॅशियमपासून सुरुवात करावी, कारण माणूस तासाभरात जातो तो त्याने. ६.५ च्या वर गेलेले पोटॅशियम, किंवा त्याहून कमी असूनही ईसीजीत बदल दिसत असतील, तर ती आणीबाणी समजावी. ईसीजीत टी लहरी तंबूसारख्या टोकदार होतात, पी सपाट होत नाहीशी होते, मग ठोक्याची मुख्य लहर, म्हणजे क्यूआरएस, रुंदावते. रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटल्यामुळे आकडा खोटा वाढू शकतो, म्हणून नमुना पुन्हा पाठवावा. मात्र ईसीजी बिघडलेला असेल तर दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहू नये. मॉनिटरवर नजर ठेवून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर पाच ते दहा मिनिटांत शिरेतून द्यावे आणि ईसीजी सुधारला नाही तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा द्यावे. त्यामागोमाग १० युनिट साधे इन्सुलिन २५ ग्रॅम ग्लुकोजसह, म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलिलिटरसह, आणि साल्ब्युटामॉलची १० मिलिग्रॅमपर्यंतची वाफ द्यावी. मूत्रपिंडे बंद असताना इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळते, त्यामुळे पुढचे सहा तास दर तासाला साखर तपासणे चुकवू नये.

येथे एक गोष्ट मनाशी पक्की असावी. या उपायांनी पोटॅशियम शरीराबाहेर गेलेले नाही. कॅल्शियमने हृदयाला अर्धा-एक तास आडोसा दिला आहे, आणि इन्सुलिनने पोटॅशियमला चार-सहा तासांपुरते पेशींच्या आत ढकलले आहे. ज्याला लघवी होत आहे त्याचे पोटॅशियम या अवधीत लघवीवाटे जाईल. ज्याला लघवीच नाही त्याचे ते परत वर येणार, म्हणून अशा रुग्णात औषधांनी आकडा ५.८ वर आला की निश्चिंत न होता त्या चार तासांत डायलिसिसची तयारी पूर्ण करावी. चिरडलेले स्नायू, झटक्यांनंतर किंवा उष्माघातानंतर फुटलेले स्नायू, फुटणाऱ्या रक्तपेशी अशा रुग्णांत पोटॅशियम आतूनच ओतले जात असते. तेथे मी सहाच्या आसपासच निर्णय घेतो.

दुसरी वेळ फुप्फुसांत पाणी भरण्याची. रुग्ण आडवा पडू शकत नाही, ऑक्सिजन वाढवावा लागतो आहे, आणि फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाचा भरपूर डोस देऊनही लघवी येत नाही, असे झाल्यास तेथे थांबण्यात काहीही लाभ नाही. परंतु येथेच मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे: या कारणासाठी डायलिसिसवर जाणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांना तेथपर्यंत आपणच नेलेले असते. जुलाब-उलट्यांच्या रुग्णाला पहिल्या काही तासांत सलाईन लागतेच, आणि ते हात आखडता न घेता द्यावे. पण रक्तदाब सावरला, हातपाय उबदार झाले, तरी लघवी येत नाही म्हणून "लघवी होईपर्यंत सलाईन चालू" असे लिहून ठेवणे चुकीचे आहे. इजा झालेले मूत्रपिंड पाणी ओतल्याने उघडत नाही. रोज वजन करावे. वजन करता येत नसेल तर आत गेलेले आणि बाहेर आलेले पाणी मांडून बेरीज ठेवावी, आणि ती शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांकडे जाऊ लागली की सावध व्हावे. साठ किलोच्या माणसात हे सहा लिटर होतात आणि ते दोन दिवसांत सहज भरतात.

आम्लतेचे गणित थोडे वेगळे आहे. रक्ताचा पीएच (आम्ल वाढले की हा आकडा उतरतो) ७.१५ च्या खाली आहे आणि उपाय करूनही वर येत नाही, तर डायलिसिस करावे. पण कारण कोणते हे आधी पाहावे. जुलाबांतून आम्ल शमवणारे बायकार्बोनेट वाहून गेले असेल तर ते शिरेतून भरून देता येते. फ्रान्समधल्या २०१८ सालच्या बायकार-आयसीयू अभ्यासात, पीएच ७.२० किंवा त्याखाली असून मूत्रपिंडांनाही ठळक इजा झालेल्या रुग्णांना बायकार्बोनेट दिल्यावर डायलिसिसची गरज कमी पडली होती. फक्त प्रत्येक बाटलीबरोबर सोडियम आणि पाणीही जाते, म्हणून फुप्फुसे भरलेल्या रुग्णाला तो मार्ग बंद समजावा. खोल, वेगवान श्वास घेणाऱ्या रुग्णाला दमा समजून वाफा देत बसण्याची चूकही होते. छाती स्वच्छ असून श्वास खोल असेल तर रक्तातले वायू तपासावेत.

चौथी वेळ युरियाच्या विषबाधेची: गुंगी, असंबद्ध बोलणे, पुढे धरलेल्या तळव्यांची फडफड, झटके, हृदयाच्या आवरणाची सूज दाखवणारे घासल्यासारखे आवाज. यांतले काहीही दिसले तर युरियाचा आकडा कितीही असो, थांबू नये. गुंगीचे खापर युरियावर फोडण्याआधी साखर आणि सोडियम मात्र पाहावे, आणि सेफेपिम हे प्रतिजैविक चालू असेल तर त्याचा डोस मूत्रपिंडांप्रमाणे कमी केला आहे का हेही पाहावे. तो तसाच राहिला तर रुग्ण त्यानेच बडबडू लागतो. मेथॅनॉल, लिथियम किंवा सॅलिसिलेटची गंभीर विषबाधा आणि मेटफॉर्मिनशी जोडलेली तीव्र लॅक्टिक आम्लता या ठिकाणी तर मूत्रपिंडे चालू असोत वा नसोत, लवकर डायलिसिस करणे हाच उपचार असतो.

घाई नसते तेव्हा

वरचे एकही कारण नाही, लघवी मात्र कमी आणि क्रिएटिनिन चढते आहे, असा रुग्ण खरा पेच टाकतो. "आज ना उद्या लागणारच, मग आजच करून टाकू" हा विचार स्वाभाविक आहे आणि बरीच वर्षे आम्हीही त्याच विचाराने चाललो. तो तपासून पाहिला गेला, आणि त्यातला एक मोलाचा अभ्यास आपल्या मुंबईतला आहे. केईएम रुग्णालयात २०८ रुग्णांवर झालेला हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण आपल्या ओळखीचे होते, म्हणजे घरी असतानाच मूत्रपिंडांना इजा होऊन आलेले. एका गटाला ब्लड युरिया साधारण १५० किंवा क्रिएटिनिन ७ ओलांडताच डायलिसिस दिले, दुसऱ्याला डॉक्टरांना गरज वाटेल तेव्हाच. लवकरच्या गटात २०.५ टक्के रुग्ण दगावले, थांबलेल्या गटात १२.२ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येण्याजोगा नव्हता, पण लवकर केल्याचा फायदा कुठेही दिसला नाही, आणि थांबलेल्यांपैकी काहींना मशिन लागलेच नाही.

त्यानंतर २०१६ साली जर्मनीतल्या म्युन्स्टर येथील २३१ रुग्णांच्या एलेन अभ्यासात लवकर डायलिसिस केलेल्यांचे मृत्यू कमी आढळले आणि वाद पुन्हा पेटला. पण ते एकाच केंद्रातले, मुख्यतः शस्त्रक्रिया झालेले रुग्ण होते. त्याच वर्षी फ्रान्समधल्या ६२० रुग्णांच्या अकिकी अभ्यासात ६० दिवसांनंतरचे मृत्यू ४८.५ आणि ४९.७ टक्के, म्हणजे सारखेच निघाले, आणि थांबलेल्या गटातल्या ४९ टक्के रुग्णांना डायलिसिस करावेच लागले नाही. वाद बऱ्यापैकी मिटवला तो २०२० सालच्या स्टार्ट-एकेआय अभ्यासाने: १५ देश, सुमारे २,९०० रुग्ण, ९० दिवसांत मृत्यू ४३.९ विरुद्ध ४३.७ टक्के. शिवाय जगलेल्यांपैकी ९० दिवसांनंतरही डायलिसिसवर राहिलेले लवकरच्या गटात १०.४ टक्के, तर थांबलेल्या गटात ६ टक्के होते. मशिनवर रक्तदाब उतरला की सावरू लागलेल्या मूत्रपिंडाला दुसरा तडाखा बसतो, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते, आणि मला ते पटते. त्यात कॅथेटरमधून होणारा जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि प्रतिजैविके गाळली जाऊन त्यांची मात्रा अपुरी पडणे हे धोके आहेतच.

म्हणून थांबावे. पण किती? फ्रान्समध्येच २०२१ साली झालेल्या अकिकी-२ ने याचे उत्तर दिले. ७२ तास लघवी अत्यल्प किंवा ब्लड युरिया २४० च्या वर गेलेल्या रुग्णांत त्याही पुढे, युरिया ३०० होईपर्यंत किंवा आणीबाणी येईपर्यंत थांबण्यात काही लाभ दिसला नाही, आणि इतर घटक जमेस धरून केलेल्या विश्लेषणात अधिक थांबलेल्यांना मृत्यूचा धोका जास्त निघाला. त्यामुळे माझ्यापुरते कुंपण असे आहे: आणीबाणी नसेल तर थांबायचे, पण तीन दिवस लघवी नाही किंवा युरिया २४० ला टेकला, तर रुग्ण वरवर बरा दिसत असला तरी सुरू करायचे.

थांबणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे, आणि हा भेद कागदावर दिसला पाहिजे. थांबण्याचा निर्णय घेतला की मी केसपेपरवर पुढच्या तपासणीची वेळ लिहितो, "उद्या पाहू" असे लिहीत नाही. दर सहा तासांनी लघवीची बेरीज, श्वासाचा वेग, किती ऑक्सिजनवर किती सॅच्युरेशन, आडवे झोपता येते का. दर सहा ते आठ तासांनी पोटॅशियम आणि बायकार्बोनेट. दिवसातून एकदा युरिया व क्रिएटिनिन. शरीरात पाणी पुरेसे असल्याची खात्री असेल तर फ्युरोसेमाइडची चाचणी उपयोगी पडते: दर किलोला एक मिलिग्रॅम, आणि औषध आधीच चालू असेल तर दीड मिलिग्रॅम, एकदाच शिरेतून द्यावे आणि पुढच्या दोन तासांची लघवी मोजावी. ती २०० मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर इजा पुढच्या पायरीवर जाण्याची शक्यता मोठी असते. हे औषध मूत्रपिंडे बरी करत नाही. ते येणाऱ्या दिवसाचा अंदाज देते, आणि तेवढ्यावरून रुग्णाला कुठे ठेवायचे हे ठरवता येते.

७.६ च्या त्या रुग्णाचे असेच झाले. पोटॅशियम ५.३, बायकार्बोनेट १५, उशीविना आडवा झोपलेला, आणि लघवी पहिल्या सहा तासांत ताशी २०, मग ३५, पहाटेपर्यंत ६०. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ८.१ आले तेव्हा त्याच्या भावाचा चेहरा उतरला. मी त्याला लघवीची भरलेली पिशवी दाखवली. त्यानंतर ७.९, मग ६.२, आणि मानेत एकही नळी न घालता तो घरी गेला.

लेप्टोचा रुग्ण वेगळा का

आता दुसरी खाट. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात येणाऱ्या गंभीर लेप्टोस्पायरोसिसला (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या जंतुसंसर्गाला) वरचे थांबण्याचे नियम जसेच्या तसे लावणे मला धोक्याचे वाटते. या आजारात लघवी पुष्कळदा बऱ्यापैकी होत राहते आणि मूत्रपिंडाच्या नलिका पोटॅशियम बाहेर टाकत राहतात, त्यामुळे ते कमीही असू शकते. आपण पोटॅशियम ६.५ होण्याची किंवा लघवी थांबण्याची वाट पाहत बसलो तर ती वेळ येतच नाही, आणि तेवढ्यात फुप्फुसांत रक्त उतरते. ब्राझीलमधल्या साओ पावलो येथे गंभीर लेप्टोच्या ३३ रुग्णांचे दोन काळ तुलनेला घेतले होते: आधी उशिरा आणि दिवसाआड डायलिसिस, नंतर दाखल होताच आणि रोज. मृत्यू ६६.७ टक्क्यांवरून १६.७ टक्क्यांवर आले. अभ्यास लहान आहे, रुग्ण चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते, आणि लवकर करणे उपयोगी पडले की रोज करणे हे त्यातून सुटे करता येत नाही. तरीही कावीळ, वाढते क्रिएटिनिन आणि चढती ऑक्सिजनची गरज हे तिन्ही एकत्र दिसले की मी वाट पाहत नाही. त्या रात्रीच्या रुग्णाचे पोटॅशियम ३.३ होते आणि दिवसाची लघवी ९०० मिलिलिटर. पण सहा तासांत ऑक्सिजन २ लिटरवरून ८ वर गेला होता आणि थुंकीत रक्ताची रेघ होती. प्लेटलेट ४० हजार असल्यामुळे सोनोग्राफीच्या मदतीने जांघेत कॅथेटर घातला आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनशिवाय डायलिसिस केले, तेच पुढचे चार दिवस रोज.

मशिन दूर असेल तर

वर सांगितलेल्या सगळ्या मोठ्या अभ्यासांत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे: थांबलेल्या रुग्णाला अचानक गरज पडली तर मशिन त्याच इमारतीत आहे. घाटाखालच्या ग्रामीण रुग्णालयात ते नसते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत केंद्रे आली आहेत, पण ती मुख्यतः दिवसाच्या पाळ्यांत ठरलेल्या रुग्णांसाठी चालतात; रात्री दोन वाजता, रक्तदाब कमी असलेल्या रुग्णाला तेथे घेतील का, हे आधी विचारून ठेवावे लागते. म्हणून माझे ठाम मत आहे की डायलिसिस सुरू करण्यासाठी थांबता येते, रुग्ण हलवण्यासाठी थांबता येत नाही. पुरेसे पाणी देऊन, रक्तदाब सावरून बारा तास झाले आणि लघवी ताशी २०-२५ मिलिलिटरच्या वर जात नाही, किंवा पोटॅशियम साडेपाचच्या पुढे चढते आहे, तर त्याला डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावे. तेथे पोहोचल्यावर मशिन लागले नाही तर उत्तमच.

घोणस चावलेली एक बाई आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आली होती. आधीच्या रुग्णालयात प्रतिविष वेळेवर आणि योग्य मात्रेत मिळाले होते, त्यामुळे रक्त गोठू लागले होते आणि सर्वांना हायसे वाटले होते; लघवी मात्र दोन दिवस जवळजवळ नव्हती आणि ती येईल या आशेवर सलाईन चालू होते. घाटातल्या तीन तासांच्या प्रवासानंतर दारातच काढलेल्या ईसीजीत क्यूआरएस इतका रुंद होता की पोटॅशियमचा रिपोर्ट येण्याआधीच आम्ही कॅल्शियम दिले. कागदावरची ती पसरट लहर डोळ्यांदेखत आक्रसली. पोटॅशियम ७.१ निघाले. ती वाचली, पण तो प्रवास तिने कालच, सुरक्षितपणे करायला हवा होता. घोणसाच्या दंशानंतर लघवी कमी झालेल्या रुग्णात मूत्रपिंडे चटकन उघडण्याची आशा फार धरू नये. काही रुग्णांत त्यांचा बाह्यभागच मृत होतो.

पाठवण्याआधी ईसीजी काढावा आणि त्याची प्रत सोबत द्यावी. तो बिघडलेला असेल तर कॅल्शियम व इन्सुलिन देऊनच गाडी हलवावी, दिल्याची वेळ चिठ्ठीवर लिहावी, आणि प्रवासासाठी कॅल्शियमची आणखी दोन अँप्युल व साखर तपासण्याचे यंत्र सोबतच्या नर्सच्या हाती द्यावे. पुढच्या रुग्णालयात स्वतः फोन करून मशिन आणि खाट दोन्ही रिकामे आहेत का हे विचारावे. मशिन अजिबात मिळण्यासारखे नसेल, विशेषतः लहान मुलांत, तर पोटातून केले जाणारे पेरिटोनियल डायलिसिस हा खरा पर्याय आहे. हात बसलेला डॉक्टर ते खाटेवरच सुरू करू शकतो.

नातेवाइकांशी बोलणे आणि पहिली वेळ

"एकदा डायलिसिस लागलं की कायमचं लागतं" ही भीती प्रत्येक घरात असते, आणि तिच्यामुळे संमती मिळण्यात मोलाचे तास जातात. हे मशिन सध्या थांबलेल्या मूत्रपिंडांचे काम तात्पुरते करणार आहे, आणि अचानक झालेल्या इजेतून वाचलेल्यांपैकी बहुतेकांचे ते सुटते, हे शांतपणे सांगावे. आधीपासून मूत्रपिंडे दुबळी असतील तर कायमची गरज पडण्याची शक्यता जास्त आहे, हेही लपवू नये. दुर्धर आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाबाबत, मशिनने नेमके काय साधणार आहे हा प्रश्न आधी घरच्यांसमोर ठेवावा. शंका असेल तर तीन ते पाच दिवसांची मुदत ठरवून सुरू करावे आणि त्या दिवशी पुन्हा एकत्र बसावे.

कॅथेटरसाठी मानेची उजवी शीर किंवा जांघ निवडावी, गळ्याच्या हाडाखालची शीर शेवटी. युरिया फार वाढलेला असेल तर डायलिसिसची पहिली पाळी दोन तासांची आणि रक्ताचा वेग मिनिटाला १५० ते २०० मिलिलिटर ठेवावा, नाहीतर युरिया झपाट्याने उतरून मेंदूला सूज येते आणि रुग्णाला मशिनवरच झटके येतात. रक्तदाब औषधांवर टेकलेला असेल तर सहा-आठ तासांचे संथ डायलिसिस करावे. दुसरी पाळी आपोआप लावू नये. पहिलीच्या वेळी विचारलेले सगळे प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारावेत. लघवी वाढवणाऱ्या औषधांशिवाय दिवसाला चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी होऊ लागली आणि दोन पाळ्यांच्या मधल्या दिवशी क्रिएटिनिन स्वतःहून कमी वाढले, तर पुढची पाळी रोखून पाहावी, आणि दोन दिवस तसेच राहिले की कॅथेटर काढून टाकावा. घरी सोडताना कार्डावर कोणती वेदनाशामके घ्यायची नाहीत ती नावे मराठीत लिहावीत, आणि तीन महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करायला येण्याची तारीख घालून द्यावी.